जावयाची घंटा

भावोजींबद्दल कोणी चांगलं बोललं की माझं डोकं फिरतं, आणि कोणी वाईट बोललं तर आणखीच फिरतं. तेव्हा जे काय सांगायचं ते मीच सांगते. ते माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. सगळी वस्ती त्यांना घण्या म्हणायची. कत्तलखान्यात मोठी जनावरं पाडायचं काम त्यांच्याकडे होतं. कपाळाच्या मधोमध घणाचा एक घाव, की जनावर गुडघ्यावर. दुसरा घाव घालावा लागला तर त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. मी त्याच कत्तलखान्यात आतडी धुते. कोपरापर्यंत हात गरम पाण्यात घालून उभं आयुष्य गेलं, तेव्हा नाजूक बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका.

आमची वस्ती उतारावर आहे. अगदी वर कत्तलखाना आणि त्याला लागून शाळा. त्याखाली वरची आळी, मग एक रुंद रस्ता, आणि रस्त्याच्या खाली आमची खालची आळी. तो मधला रस्ता कोणाचाच नाही, म्हणून त्याच्यावर सारखं कोणी ना कोणी मरतं. दोन आळ्यांचं भांडण कशावरून सुरू झालं ते आता कोणालाच सांगता येत नाही. कोणी म्हणतं नळावरून, कोणी म्हणतं एका बाईवरून. मी म्हणते माजावरून. दोन्हीकडचे पुरुष एकाच छपराखाली शेजारी शेजारी उभे राहून मेंढ्या सोलतात, एकमेकांना सुरी देतात-घेतात, आणि बाहेर पडले की त्याच माणसाच्या पोटात तीच सुरी खुपसतात. आत भांडायचं नाही, हा नियम मात्र पक्का. आत भांडण झालं की काम बंद, आणि काम बंद म्हणजे दोन्ही आळ्यांच्या चुली बंद.

भावोजींचा मुलगा त्या रस्त्यावरच गेला. सकाळचा कामाला निघाला होता, खांद्यावर टॉवेल होता. कोणाला कोणाचं तरी उट्टं काढायचं होतं, हा मध्ये सापडला. भावोजींनी त्याला उचलून घरात आणून ठेवलं, त्याचं तोंड पुसलं, घण घेतला आणि एकटे वरच्या आळीत घुसले. दारं फोडली. दोघांच्या बरगड्या मोडल्या. शेवटी सात-आठ जणांनी त्यांना भिंतीशी दाबलं आणि त्यांच्याच घणानं त्यांचा उजवा खांदा फोडला. जीवच घेणार होते, पण तेवढ्यात कामाचा भोंगा झाला आणि सगळे निघून गेले. असली माणसं आम्ही. भोंगा झाला की खूनसुद्धा अर्धवट टाकून कामाला जातो.

सून माहेरी गेली ती परत फिरकली नाही. मागे राहिली एक नात. जन्मल्यापासून तिच्या तोंडाला विश्रांती नव्हती, म्हणून तिला सगळे बडबडी म्हणायचे.

त्याच वर्षी शाळेच्या मोठ्या बाई घरोघर फिरत आमच्याकडे आल्या. समुद्रापलीकडच्या एका देशातले लोक इथल्या एकेका मुलाचं शिक्षण पत्करतात, असं त्या म्हणाल्या. फी, पुस्तकं, बूट, दुपारचं जेवण, शाळा संपेपर्यंत सगळं. त्यांना पालक म्हणायचं. बदल्यात वर्षातून एक फोटो आणि मुलाच्या हातची दोन ओळींची खुशाली. अट एकच होती, मूल रोज शाळेत दिसलं पाहिजे. सारखं घरी राहायला लागलं तर ते पालक दुसऱ्या मुलाला मिळणार.

मी म्हटलं, "बाई, त्यांना सांगा, आमच्या पोरांना शाळेत जायला मधला रस्ता ओलांडावा लागतो. बुटांऐवजी चिलखत पाठवा म्हणावं."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. भावोजी गळ्यात हात अडकवून कोपऱ्यात बसले होते. मुलगा गेल्यापासून ते कोणाशी बोललेच नव्हते. ते म्हणाले, "हिचं नाव लिहा. रोज येईल."

"अहो, कशी येईल?" मी विचारलं.

"ते मी बघतो, वहिनी. आमच्या घरातल्या एकाच्या तरी कपड्यांना रक्ताचा वास नको यायला."

एवढंच त्यांना हवं होतं. पुढे त्यांनी जे जे केलं, चांगलं आणि भयंकर, ते सगळं या पोरीची शाळा पुरी व्हावी म्हणून केलं.

आता जावयाबद्दल सांगायला हवं. मेंढ्या आपणहून कत्तलखान्याचा चढ चढत नाहीत. त्यांना वास येतो. काठीनं हाणल्या तर एकमेकींच्या अंगावर चढतात, पाय मोडून घेतात आणि निम्मा दिवस त्यातच जातो. म्हणून एक शिकवलेला एडका ठेवतात, त्याच्या गळ्यात घंटा असते. तो पुढे चालतो, कळप घंटेच्या मागे फळ्यांवरून चढतो. वर गेलं की एडका बाजूच्या लहान दारातून बाहेर येतो, त्याला मूठभर दाणे मिळतात, आणि मेंढ्या आत जातात. काम ना धाम, आयतं खायचं आणि वर सगळ्यांनी मान द्यायचा, म्हणून त्याचं नाव जावई.

खांदा मोडल्यावर घण फिरवणं संपलं, तेव्हा कत्तलखान्याच्या साहेबांनी जावई भावोजींच्या ताब्यात दिला. रात्री तिथंच बांधला तर तो वासानं बिथरायचा, म्हणून भावोजी त्याला घरी आणायचे आणि सकाळी परत वर न्यायचे. घंटा जुनी, चिरलेली; मेंढ्या जिथून येतात त्या वाड्यांवरही अशाच घंटेमागे चालायची त्यांना सवय. पोचा आलेल्या पातेल्यावर डाव आपटावा तसा तिचा आवाज. तो आवाज आला की मधल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंचे हात थांबायचे. जावयाला काही झालं तर मेंढ्या चढणार नाहीत, आणि मेंढ्या चढल्या नाहीत तर कोणालाच रोजगार नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणूस दिसला की मारायचे आणि एडका दिसला की वाट द्यायचे. भावोजींनी हे बरोबर हेरून ठेवलं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी त्यांनी बडबडीचा हात एडक्याच्या लोकरीत रोवला. "काहीही दिसलं तरी सोडायचा नाही," म्हणाले. दिसायचं ते दिसलंच. रस्त्याच्या कडेला आदल्या दिवशी मारलेला एक जण तसाच पडला होता, कोणी तरी त्याच्या तोंडावर पोतं टाकलं होतं. त्याच्या पायांना वळसा घालून जाताना बडबडी एडक्याला घरी पाठ केलेले पाढे म्हणून दाखवत होती. आठवड्याभरात शेजारची पोरं मागे लागली, आणि मग आळीतली शाळेत जाणारी सगळीच. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात पुढच्याचा सदरा. सगळ्यात मागून मी, कामाला जायला. वरच्या आळीतले बंदूकवाले गच्चीवरून बघत बसायचे. त्यांच्यात सोल्या होता. कातडं सोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून ते नाव. तो वरून ओरडायचा, "घण्या, पोरांना बूट आले, आता जावयालाही घाल रे."

फोटोच्या दिवशी बडबडी एडक्याशिवाय उभी राहीना. रडून गोंधळ घातला, तेव्हा मोठ्या बाईंनी कंटाळून एडक्यासकट फोटो काढला आणि तोच समुद्रापलीकडे गेला. तिचे तिकडचे पालक म्हणजे एक म्हातारा-म्हातारी. त्यांना तो एडका भलताच आवडला. त्यांना वाटलं, मुलीनं लाडानं पाळलाय. मग दर पत्रात त्याची चौकशी. त्याला काय आवडतं, त्याला थंडी वाजते का, तो तिची वाट बघतो का. मोठ्या बाई वाचून दाखवायच्या आणि आम्ही आतडी धुणाऱ्या बायका हसून हसून गडबडा लोळायचो. "कळवा त्यांना," मी म्हणायचे, "सगळी सासुरवाडी आत पोचवली तरी जावईबापूंची तब्येत उत्तम आहे."

मग एका वर्षी पार्सल आलं. बडबडीसाठी स्वेटर, आणि एडक्यासाठी नवी कोरी घंटा, लाल पट्ट्यात ओवलेली. म्हातारीच्या लहानपणी तिच्या घरी मेंढ्या होत्या म्हणे, आणि तशीच घंटा तिनं शोधून शोधून पाठवली होती. इतका गोड आवाज की हातात धरली तरी सोडवेना. मला त्या म्हातारीचा राग येतो, आणि तो धरावा असं तिनं काही केलेलं नाही, म्हणून आणखी चिडचिड होते.

मोठ्या बाई म्हणाल्या, नवी घंटा घालून फोटो काढू, त्यांना बरं वाटेल. शाळेच्या फाटकाशी आल्यावर घाला, असंही म्हणाल्या होत्या. पण जुना पट्टा कातड्याचा, घामानं लाकडासारखा झालेला, तो कापल्याशिवाय निघणार नव्हता. आणि बडबडीनं हट्ट धरला की जावई घरातूनच सजून निघाला पाहिजे, नवरदेवासारखा. भावोजी जगाला नाही म्हणायचे, पण तिला कधी नाही म्हणाले नाहीत. त्यांनी सुरीनं पट्टा कापला. मेंढ्या नव्या आवाजामागे चढणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून जुनी घंटा कोटाच्या खिशात घेतली. माणसांनाही जुनाच आवाज ओळखीचा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. आळीत कोणाच्याच नाही.

आदल्या संध्याकाळी आमच्याकडच्या कोणी तरी सोल्याच्या भावाला भोसकलं होतं. सकाळी धुकं पडलं, त्यात कत्तलखान्याच्या धुराड्याचा धूर उतरला, समोरचा माणूस दिसेना. वरची आळी गच्च्यांवर दबा धरून बसली होती. त्यांना खालून ऐकू आली एक अनोळखी घंटा आणि तिच्यामागे पुष्कळ पावलं. त्यांना वाटलं, खालची आळी काही तरी डाव करून चालून येतेय.

पहिली बंदूक उडाली तेव्हा मला वाटलं, कोणी पत्रा टाकला. मग पोरं किंचाळली. छर्रे भिंतीवर गारांसारखे तडतडले. मी हाताला लागतील ती पोरं खाली दाबली, एकाला तर गटारात लोटलं. वरून दगड, बाटल्या, पुन्हा बंदूक. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, नुसती ती गोड घंटा वेड्यासारखी वाजत होती, आणि मग तीही थांबली. त्यानंतर पातेलं बडवल्याचा आवाज आला. भावोजींनी जुनी घंटा खिशातून काढली होती. ती डोक्यावर धरून वाजवत ते बंदुकांच्या दिशेनं चालत होते. दोनदा बार झाले, ते हलले, पण घंटा थांबली नाही. आणि मग गच्चीवरून सोल्याचा आवाज आला, घाबरलेला.

"अरे, थांबा. जावई आहे. जावयाला लागलं का बघा."

पोरांना लागलं का, हे कोणी विचारलं नाही. एडका मेला होता, त्याची मान आणि छाती चाळणी झाली होती. बडबडी त्याच्या पलीकडच्या अंगाला होती म्हणून जगली. हात अजून लोकरीत होता. तिचा डावा कान फाटून लोंबत होता आणि नवा स्वेटर रक्तानं भिजून अंगाला चिकटला होता. ती रडत नव्हती. बोलतही नव्हती. बाकीच्या पोरांना कोणाला डोक्याला, कोणाला पाठीला, पण सगळी उभी राहिली. वरच्या आळीतले पुरुष खाली धावत आले, त्यांनी एडक्याला हातांवर उचलून कत्तलखान्यात नेलं. माझ्या पुतण्याला त्याच रस्त्यावर पोतंसुद्धा मिळालं नव्हतं.

मोठ्या बाई बडबडीला घेऊन दवाखान्यात गेल्या. मी कामावर गेले. काय करणार, भोंगा झाला होता.

त्या दिवशी कत्तलखान्यात जे झालं तसं मी कधी बघितलं नाही. मेंढ्यांच्या गाड्या येऊन उभ्या आणि पुढे चालायला कोणी नाही. पुरुषांनी काठ्या घातल्या, मग लोखंडी गज घातले. मेंढ्या एकीवर एक चढल्या, फळ्यांवरून खाली कोसळल्या, पाय मोडले, पोटं फुटली. कोणी तरी वैतागून खालीच सुरी चालवायला लागला, ते बघून सगळेच लागले. रक्त उतारावरून बाहेर अंगणात गेलं. साहेब डोकं धरून उभे होते. नवा एडका शिकवायचा तर कित्येक महिने जातील, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

त्या गदारोळात भावोजी आत आले. कोट भोकांनी भरलेला, डाव्या हातात घण. सोल्या त्याच्या टेबलाशी उभा होता, उजवा हात टेबलावर. भावोजी सरळ त्याच्याकडे चालत गेले, वाटेत कोणाला हटा म्हणाले नाहीत, आणि घण त्या हातावर घातला. एकच घाव. हाडांचा आवाज मला माझ्या हौदापर्यंत ऐकू आला.

आतमध्ये कोणी कोणावर हात उचलण्याची ती पहिलीच वेळ. सोल्या जमिनीवर गुरासारखा ओरडत होता आणि वरच्या आळीच्या सगळ्या सुऱ्या भावोजींकडे वळल्या. मी हौदातला लोखंडी आकडा उचलला. मी त्यांना वाचवू शकणार नव्हते, पण एक-दोघांना घेऊन गेले असते.

भावोजींनी घण खाली ठेवला. खिशातून जुनी घंटा काढली, तिला सुतळी बांधली आणि स्वतःच्या गळ्यात अडकवली. एक हात निकामी, म्हणून गाठ दातांनी ओढली. मग सगळ्यांकडे पाठ करून चढाकडे चालायला लागले. घंटा वाजली. खाली चेंगरलेल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. ते हळूहळू फळ्यांवरून चढले, आणि मेंढ्या त्यांच्या मागे चढल्या. लंगडत, रक्ताळलेल्या, पण चढल्या. वर जाऊन ते बाजूच्या लहान दारातून वाकून बाहेर आले.

"आता मारा," ते म्हणाले. "उद्या कोण चढवेल ते आधी ठरवा."

कोणी पुढे आलं नाही. साहेबांनी एकदा मेंढ्यांकडे बघितलं, एकदा सुऱ्यांकडे, आणि म्हणाले, "कामाला लागा."

दुसऱ्या दिवसापासून पोरं भावोजींच्या मागे चालायला लागली. एका घावात बैल पाडणारा माणूस गळ्यात घंटा बांधून रस्त्यावरून चालला होता. गच्चीवरचे बें-बें करायचे, वरून शेण टाकायचे, "जावई, दाणे खाल्लेस का" म्हणून विचारायचे. ते वर बघायचे नाहीत. घरी आल्यावरही घंटा काढायचे नाहीत, झोपतानासुद्धा. कूस बदलली की भिंतीपलीकडे मला वाजलेली कळायची. घंटा गळ्यात आहे तोवर आपण एडका आहोत, आणि काढली की सोल्याचा हात मोडणारा घण्या, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सोल्या डाव्या हातानं सोलायला शिकला. रोज सकाळी तो आपल्या दारात बसून त्यांना जाताना बघायचा.

साहेब दर वर्षी नवा एडका आणायचे आणि शिकवायला भावोजींच्याच हातात द्यायचे, कारण दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. आणि दर वर्षी तो एडका शिकत आला की ऐन वेळी त्याला बाजूचं दार सापडायचं नाही, आणि तो मेंढ्यांबरोबर आत जायचा. भावोजी फार वाईट वाटल्यासारखं तोंड करायचे. मी एकदा म्हटलं, "भावोजी, किती जावई मारलेत." तेव्हा ते हसले, मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच. पुढे त्यांचे गुडघे सुजायला लागले, तेव्हा मधून मधून ते ती घंटा माझ्या गळ्यात घालून मला चढावर पाठवायचे. मेंढ्या माझ्याही मागे यायच्या. मला वाटायचं, गुडघ्यांसाठीच पाठवतायत.

समुद्रापलीकडे एवढंच कळवलं की एडका वारला. तिकडून बडबडीला सांत्वनाचं पत्र आलं, वर एका फुलाचं चित्र. दर वर्षीचा फोटो मोठ्या बाई तिच्या उजव्या बाजूनं काढायच्या. डाव्या बाजूला कान नव्हता. बडबडी शाळेत विचारलं तेवढं सांगायची आणि घरी एक अक्षर बोलायची नाही. नाव मात्र बडबडीच राहिलं. पण शाळा तिनं एक दिवस बुडवली नाही, आणि शेवटच्या परीक्षेत पहिली आली. तिकडच्या म्हातारा-म्हातारीनं कळवलं की पुढचंही आम्ही बघतो. शहरात औषधं बनवायच्या कोर्सला तिला प्रवेश मिळाला.

ती निघाली त्या सकाळी आम्ही दोघं तिला शाळेपुढच्या बसथांब्यावर सोडायला गेलो. भावोजींनी तिच्या बॅगेला पुन्हा एकदा दोरी बांधली, बसायला खिडकी मिळाली का ते बघितलं. बस वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी गळ्यातून घंटा काढली आणि माझ्या हातात ठेवली. सुतळीनं मानेला काळा वळ पडला होता.

"हे काय?" मी म्हटलं. "घाला ती आधी."

"मेंढ्यांना मान कळत नाही, वहिनी, आवाज कळतो. तुम्हाला चढ माहीत आहे. पोरांना रोज न्या."

"आणि तुम्ही?"

"मी आज मोकळ्या मानेनं घरी जातो."

मी त्यांना नको नको ते बोलले. मूर्ख म्हटलं, स्वार्थी म्हटलं, त्यांच्या भावाच्या नावानं शपथ घातली. ते उतारावर चालायला लागले होते. मी घंटा जोरजोरात वाजवत त्यांच्यामागे धावले. आवाज ऐकून लोक दारादारांत आले, पोरं-बाळं बाजूला ओढली, मला वाट मोकळी करून दिली. मला वाट दिली. भावोजींच्या गळ्याकडे सगळ्यांनी बघितलं. सोल्या दारातून उठला, डाव्या हातात सोलायची सुरी होती, आणि त्याच्या मागून आणखी दोघं-तिघं. मधल्या रस्त्यावर त्यांनी भावोजींना गाठलं. ते पळाले नाहीत, हातही वर केला नाही. सोल्यानं कातडं सोलताना घालतात तसा गळ्याखालून सरळ खाली वार घातला. मी पोचले तेव्हा ते खडीवर बसले होते, डाव्या हातानं पोट धरून, आणि रस्त्याकडे नाही तर वर थांब्याकडे बघत होते. मी घंटा वाजवतच होते. मला कोणी बोटसुद्धा लावलं नाही.

निरोप मिळाल्यावर बडबडी आली. कोणाशी बोलली नाही, दारामागचा घण काढला, दोन्ही हातांनी पेलून बघितला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपणहून मला काही विचारलं.

"सोल्या आता कुठे असेल?"

मी तिच्या धड कानाखाली अशी ठेवून दिली की ती भिंतीवर आपटली. दुसरीही दिली. "तुझ्या आजोबांनी गळ्यात जनावराची घंटा बांधून घेतली, अंगावर शेण झेललं, ते तू घण उचलावास म्हणून? त्यांना एकच हवं होतं. तेवढं तरी त्यांच्या मनासारखं होऊ दे." मग मला रडू फुटलं आणि आम्ही दोघी जमिनीवर बसलो. घण मी आतड्यांच्या हौदामागच्या खड्ड्यात टाकला.

सकाळी मी घंटा गळ्यात घातली. सुतळी त्यांच्याच मापाची, मला सैल होते. पोरं दारात उभी होती, दप्तरं घेऊन, भेदरलेली. बडबडीनं बॅग उचलली आणि माझ्या एप्रनची नाडी मागून धरली, तिच्या मागे सगळ्यात लहान पोरगी, मग बाकीची. आम्ही निघालो. खडीवरचा डाग अजून धुतला नव्हता. पलीकडे सोल्या त्याच्या दारात पाय पसरून बसला होता. घंटा जवळ आली तसा त्यानं पाय आत घेतला, कारण त्यालाही थोड्या वेळानं टेबलाशी उभं राहायचं होतं. मी त्याच्यावर थुंकले नाही. फार मनात होतं.

डागापाशी आल्यावर लहान पोरीचं पाऊल अडखळलं. मागून बडबडीचा आवाज आला, घोगरा, न वापरलेला. ती त्या पोरीला पाढे म्हणायला लावत होती. पोरगी तिच्यामागे म्हणायला लागली, मग बाकीचीही. मी मागे वळून बघितलं नाही. घंटा वाजती ठेवायची तर पाय थांबवून चालत नाही, आणि वर भोंगा व्हायची वेळ झाली होती.